वर्म जाणणारा माणूस पाहिजे

माणसं पारखण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं मी गेल्या ऑगस्टपर्यंत भेटेल त्याला सांगत होते. आणि का सांगू नये? एक मिलिमीटर लांबीचा किडा सूक्ष्मदर्शकाखाली कसा वळवळतो एवढं पाहून त्याचं कुठलं जनुक बिघडलंय ते मी सांगते. मग चांगला सहा फुटी माणूस समोरच्या खुर्चीत वळवळत असताना त्याचं काय बिघडलंय ते मला कळणार नाही होय?

हा किडा म्हणजे माझं पोट. इंग्रजीत त्याला नुसतं 'वर्म' म्हणतात. मातीत राहतो, कुजक्या फळांवर जगतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्यामागे लागलेल्या असतात, कारण माणसाच्या म्हातारपणाची, विसराळूपणाची आणि कितीतरी दुखण्यांची गोम आधी त्याच्यात सापडते. त्याच्याबद्दल जे जे छापून येतं ते वाचायचं, कुठलं जनुक काय करतं ते नीट लावून ठेवायचं आणि सगळ्यांना फुकट उघडं करून द्यायचं, हे किनलॉर्न युनिव्हर्सिटीतल्या आमच्या वर्म डेटाबेसचं काम. या किड्यावर काम करणारे स्वतःला 'वर्म लोक' म्हणवतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. माझा तर घरचा ईमेलचा पत्तासुद्धा 'वर्मविभा' असा आहे. डूगलने काढून दिला होता, मी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात.

डूगल मॅकफी म्हणजे आमच्या डेटाबेसचा बाप. वाचायचं आणि भरायचं मी, यंत्र चालतं ठेवायचं त्याने, अशी आमची दोघांचीच पलटण. त्याने हे सगळं सॉफ्टवेअर लिहिलं तेव्हा त्याची दाढी लाल होती. आता ती पांढरी झालीय, आणि ज्या संगणकीय भाषेत त्याने ते लिहिलं ती येणारी माणसं, त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, निम्मी वारली आणि निम्मी ऑर्कनी बेटांवर मेंढ्या पाळतात. सप्टेंबरअखेर निवृत्त होऊन तोही तिकडेच मेंढ्या पाळायला निघाला होता.

"पोरी," तो मला म्हणाला. मी छप्पन्न वर्षांची घोडी आहे, पण इकडे बसच्या ड्रायव्हरपासून खाटकापर्यंत सगळे पोरीच म्हणतात. "पोरी, माझ्या जागी कुणीतरी बघ. महिनाभर त्याला शेजारी बसवून सगळं दाखवायला हवं. कुठली खुंटी कुठे ठोकलीय हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. मी गेलो की हे सगळं माझ्याबरोबर जाईल."

निधी देणाऱ्या लंडनच्या समितीनेही तेच बजावलं, फक्त जास्त सभ्य भाषेत. सॉफ्टवेअर लिहिणारा आणि डेटाबेस सांभाळणारा अशी दोन कामं एकाच माणसाने करायची होती, पगारही अर्थात एकाचाच. एक सप्टेंबरला तो माणूस खुर्चीत बसलेला दिसला तर पुढची पाच वर्षं आमची. नाही दिसला तर डेटाबेस बंद, आणि त्याच्याबरोबर माझी नोकरीही.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "जूनच्या आत आणून बसवते."

जाहिरात मी स्वतः लिहिली. युनिव्हर्सिटीत नोकऱ्यांचं खातं कॉलिन लॉरिमर बघतात. अतिशय सज्जन माणूस. आग लागली तरी आधी दार वाजवून आत येईल.

"डॉक्टर टिपणीस," ते चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या जाहिरातीत वर्म हा शब्द जरा जास्त वेळा आलाय."

"मग काय गांडूळखत लिहू?"

"तसं नाही. पण सॉफ्टवेअरवाल्या माणसाला किड्यांचं एवढं काय..."

"लॉरिमरसाहेब, मला नुसता सॉफ्टवेअरवाला नकोय. वर्म जाणणारा माणूस हवाय."

आणि त्यांच्यासमोरच मी खाली ठळक अक्षरांत एक ओळ वाढवली: 'वर्मबद्दलचा आपला अनुभव अर्जात लिहावा. ज्या अर्जात वर्म हा शब्द नसेल तो विचारात घेतला जाणार नाही.' उगाच कोणी उपटसुंभ यायला नको. आपल्याकडे एखाद्याच्या वर्मावर बोट ठेवतात, मी ओळीओळीत ठेवलं होतं. लॉरिमरनी चष्मा परत पुसला आणि जाहिरात लावली. अर्ज नोकरीच्या सार्वजनिक मेलपेटीवर यायचे होते आणि चौकशीसाठी नाव माझं होतं.

शिवाय मी ओळखीतल्या सगळ्या वर्म लोकांना कळवलं. लिस्बनची मार्गारिदा, क्योटोचे प्रोफेसर ओगाता, झाडून सगळ्यांना. सगळ्यांची उत्तरं आली, की वा, आमच्याकडे एक फार हुशार पोर आहे, लगेच अर्ज करायला सांगतो. मी डूगलला म्हटलं, "आता बघ, रांग लागेल."

मुदत संपली तेव्हा लॉरिमरनी तीन अर्ज माझ्या टेबलावर ठेवले.

"बाकीचे?"

"एवढेच आलेत."

मी तिन्ही वाचले. एकातही वर्म हा शब्द नव्हता. माझं डोकंच फिरलं. अहो, ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मुलांना वाचता येत नाही तर युनिव्हर्सिट्या चालवता कशाला? पण लॉरिमर म्हणाले की नियमाप्रमाणे आलेल्यांना बोलवावंच लागतं.

मुलाखतींना मी आणि डूगल. शुक्रवार होता, म्हणून डूगलच्या हातात ब्रायडी होती, म्हणजे इकडची खिमा भरलेली करंजी. शुक्रवारी तो ब्रायडी खाल्ल्याशिवाय कुणाशी बोलत नाही.

पहिला आला तो ब्रॉडी नावाचा गृहस्थ. आल्याआल्या म्हणाला, "माफ करा, पण ही नोकरी नक्की कशाची आहे?"

"जाहिरात वाचली नाहीत?"

"वाचत बसलो तर अर्ज कधी करणार?"

दुसऱ्या मिसेस इंग्लिस. गावातल्या 'पाय', म्हणजे मटणाच्या पेस्ट्र्या, विकणाऱ्या बेकऱ्यांचा सगळा कारभार त्यांनी एकटीने संगणकावर आणला होता. ठसठशीत बाई. बसल्याबसल्या त्यांनीच माझी मुलाखत सुरू केली.

"किडे दिवसाला किती खपतात?"

"आम्ही किडे विकत नाही. किड्यांची माहिती देतो."

"ती कशी विकता?"

"विकत नाही. फुकट देतो."

त्यांनी पर्स उचलली. "बाई, तुम्हाला माझी नाही, एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची गरज आहे," असं म्हणून त्या निघूनही गेल्या. डूगल ब्रायडीच्या आडून हसत होता.

तिसरा लाक्लन. काडीपैलवान, इस्त्रीचा टाय, वय तिशीच्या आत. डूगलने त्याला आपल्या जुन्या सॉफ्टवेअरची काही पानं दाखवली. भलेभले ती पानं बघून पाणी मागायला लागतात. हा पोरगा खाली मान घालून वाचत राहिला आणि मग म्हणाला, "इथे एक गडबड आहे. एकाच जनुकाला जुनं आणि नवं अशी दोन नावं असली, तर ते दोनदा मोजलं जातंय."

डूगलची ब्रायडी हवेतच थांबली. "ते मला आठ वर्षांपूर्वी कळलं होतं," तो म्हणाला. "पण सापडत नव्हतं."

मी मात्र माझा प्रश्न विचारलाच. "अर्जात वर्मबद्दल एक अक्षर नाही, ते का?"

"मला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नाही," लाक्लन म्हणाला. "ती ओळ मी वाचली होती. पण खोटं कशाला लिहू? शिकेन ना."

त्याला बाहेर बसवल्यावर डूगल म्हणाला, "घेऊन टाक."

"काहीतरीच काय? अटीत बसत नाही तो."

"अट तूच घातलीस ना? तूच काढ."

"नियम म्हणजे नियम, डूगल. ज्याला वर्म माहीत नाही त्याला मी माझ्या डेटाबेसला हात लावू देणार नाही."

"पोरी, मी इथे आलो तेव्हा शाळांच्या डब्यांचे प्रोग्रॅम लिहीत होतो. मला वाटलं होतं, वर्म म्हणजे मासे पकडायला लागतात ते."

"तुझी गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?"

कशी ते मला सांगता आलं नाही, म्हणून मी बाहेर जाऊन लाक्लनला नाही म्हणून टाकलं. तो उठला, टाय सारखा केला आणि म्हणाला, "हरकत नाही, डॉक्टर. पण मला इथे खरंच आवडलं असतं." मला ते जरा लागलं. पण माझ्या डोळ्यांसमोर लिस्बन-क्योटोची हुशार पोरं होती. कुठेतरी पोस्टात अडकल्यासारखी अडकली असणार, दुसऱ्या जाहिरातीला नक्की येणार.

दुसरी जाहिरात मी पहिलीपेक्षा कडक काढली. वर्म हा शब्द थेट मथळ्यात. आणि या वेळी अट अशी, की ईमेलच्या विषयाच्या जागीसुद्धा पहिला शब्द वर्म हाच हवा, म्हणजे माझं काम सोपं.

या वेळी एकही अर्ज आला नाही. ब्रॉडीचासुद्धा नाही.

जुलै गेला. ऑगस्ट निम्मा सरला. डूगल रोज सकाळी येऊन शेजारची रिकामी खुर्ची पुसायचा. मी वर्म लोकांना पुन्हा लिहिलं, तर आता कुणी उत्तरही देईना. मला वाटलं, जगच बदललं. कुणाला विज्ञानाची चाड राहिली नाही. तासभर या विषयावर मी डूगलला भाषण दिलं.

मग एका दुपारी मार्गारिदाचा फोन आला.

"तू स्वतःला समजतेस कोण?"

"मार्गारिदा, अगं काय झालं?"

"माझ्या विद्यार्थिनीने तुझ्याकडे अर्ज केला. रात्रंदिवस खपून केला. आणि तू तिला काय उत्तर पाठवलंस? वाचून दाखवू? 'आपला संदेश हानिकारक आढळल्याने नष्ट करण्यात आला आहे. कृपया असा मजकूर पुन्हा पाठवू नये. चौकशीसाठी संपर्क: डॉ. विभावरी टिपणीस.' हानिकारक? पोर दोन दिवस रडत होती."

"मी असं काही पाठवलेलं नाही."

"तुझं नाव आहे खाली. ओगातांच्या मुलालाही हेच आलंय. सगळ्यांना हेच आलंय. माणूस आधीच ठरवून ठेवला होतास तर सरळ सांगायचं होतंस. एवढा अपमान कशाला?" आणि तिने फोन ठेवला. माझ्या लग्नाला आली होती ती, माझी बाजू घेऊन नवऱ्याच्या मित्रांशी भांडली होती.

मी आणि डूगल तसेच तळघरात गेलो. तिथे संगणक सुरक्षेचं कार्यालय आहे. प्रमुख मिस्टर स्ट्रॅकन हे पूर्वी बँकेत होते आणि अजूनही प्रत्येक माणूस चोर आहे अशा नजरेनेच बघतात.

"ओहो, डॉक्टर टिपणीस," ते म्हणाले. "आम्ही तुमची वाटच पाहत होतो."

"माझी?"

"हिवाळ्यात युनिव्हर्सिटीवर हल्ला झाला होता, आठवतं? सगळे संगणक आठवडाभर बंद होते. कुणाच्या तरी नोकरीच्या अर्जाच्या पोटातून एक वर्म आत शिरला होता."

संगणकात घुसून स्वतःच्या नकला काढत पसरणारा जो दुष्ट प्रोग्रॅम असतो ना, त्यालाही इंग्रजीत वर्मच म्हणतात. आम्ही वर्म लोक आमच्या किड्यात इतके बुडालेले, की हे आम्हाला कधी आठवतच नाही.

"म्हणून नोकरीच्या मेलपेटीवर एक गाळणी बसवली," स्ट्रॅकन सांगत होते. "संदेशात तो शब्द दिसला की संदेश जागच्या जागी नष्ट, आणि पाठवणाऱ्याला ताकीद. ताकिदीखाली जाहिरातीतलं चौकशीचं नाव टाकून ठेवलंय, म्हणजे तुमचं. आणि खरं सांगू? नजर आमची तुमच्यावरच होती. वर्म जगभर पोचवायला माणूस हवा, अनुभव आवश्यक, अशी उघड जाहिरात देणारी टोळी मी बँकेतसुद्धा पाहिली नव्हती."

"तो किडा आहे हो. मातीतला किडा."

"ते आम्हाला मागाहून कळलं."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तसा नियम नाही."

"ते अर्ज परत द्या."

"नष्ट म्हणजे नष्ट, डॉक्टर. गाळणी इतकी सुरेख चालली की कुलगुरूंनी आमचं खास कौतुक केलं. उन्हाळ्यात तर अक्षरशः लोंढा होता."

डूगल भिंतीला टेकून उभा होता. "म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "ज्यांनी तुझी अट पाळली ते सगळे मेले, आणि ज्यांनी पाळली नाही तेच काय ते वाचले."

एवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. "लाक्लन. डूगल, लाक्लनला फोन लाव. आत्ताच्या आत्ता."

"फोन कशाला?" डूगलने कोपऱ्याकडे हनुवटी केली. तिथे तीन पडद्यांसमोर लाक्लन बसला होता. टाय तोच.

"नमस्कार, डॉक्टर," तो उभा राहून म्हणाला. "मागच्या सोमवारपासून इथे लागलो. ती गाळणी आता मीच सांभाळतो."

"लाक्लन, चूक माझी झाली. चला वर. खुर्ची रिकामी आहे, आज बसा."

त्याने स्ट्रॅकनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोन वर्षांचा करार केलाय मी इथे. सही झालीय." मग तो म्हणाला, "इथेही त्यांनी मला विचारलं होतं, वर्मबद्दल काय माहीत आहे म्हणून. मी म्हटलं, काहीच नाही. ते म्हणाले, मग शिका."

"निदान गाळणीतून तो शब्द तरी काढा."

"त्याला समितीची मंजुरी लागते. पुढची बैठक नोव्हेंबरात आहे." आणि मग हळूच, "मला खरंच वाईट वाटतं, डॉक्टर."

मी लाज सोडून मिसेस इंग्लिसना फोन केला. त्यांनी पगार विचारला, ऐकला, आणि "पायच्या बेकऱ्यांतच बरी आहे मी," म्हणाल्या. ब्रॉडीला फोन केला तर त्याला मी कोण तेच आठवेना. लंडनच्या समितीला सगळी हकीगत लिहून मुदत मागितली. त्यांचं उत्तर फार मृदू होतं. अशा प्रसंगी सवलत दिली तर उद्या सगळेच मागतील, असं त्यात लिहिलं होतं. नियम म्हणजे नियम, एवढंच त्याचं मराठी.

एक सप्टेंबरला समितीची बाई आली, रिकामी खुर्ची पाहिली, चहा घेतला आणि गेली.

डूगलच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघांनी डेटाबेस बंद केला. दिवसभर जगातून कुठून कुठून लोक त्यात काही ना काही शोधत होते, ते पडद्यावर दिसत होतं. त्यांना पत्ताही नव्हता. डूगलने माझ्यासाठीही ब्रायडी आणली होती, कांद्याची. ती टेबलावर तशीच राहिली.

"तू दाबतेस की मी?" त्याने विचारलं.

"तूच दाब. तू लिहिलंयस."

त्याने दाबलं. मी ढसाढसा रडले. त्याने आपला मळका रुमाल दिला आणि म्हणाला, "पोरी, तो पोरगा चांगला होता." आयुष्यात एवढा एकच टोमणा त्याने मला मारला. दुसऱ्या दिवशी तो ऑर्कनीच्या बोटीत बसला.

ऑक्टोबरात लॉरिमरनी मला बोलावलं. चष्मा पुसत म्हणाले, "ग्रंथालयात एक जागा निघालीय, डॉक्टर. माहिती लावून ठेवायची. तुमच्याइतकं ते कोण करणार? फक्त अर्ज रीतसर मेलपेटीवर पाठवा. आणि तो शब्द तेवढा..."

"कळलं," मी म्हटलं. "मला शिकवू नका."

अर्ज लिहायला मला तीन दिवस लागले. लिहायला नाही, पुसायला. माझ्या उभ्या आयुष्याच्या कामाचा कागद तो, आणि त्यातून एकच शब्द मी वेचून वेचून काढत होते. वर्म डेटाबेसचा 'एका लहान प्राण्याचा डेटाबेस' झाला. वर्म परिषदेत मी दिलेलं भाषण 'एका परिषदेत' झालं. शेवटी जो अर्ज उरला तो वाचून वाटेना की ही बाई जन्मात काही करून बसलीय. पण तो शब्द कुठेही नव्हता. दोनदा तपासलं. मग ऑफिसचा पत्ता आता बंद झाला होता म्हणून घरच्या ईमेलवरून, निश्चिंतपणे, पाठवून दिला.

उत्तर लगेच आलं.

'आपला संदेश हानिकारक आढळल्याने नष्ट करण्यात आला आहे. कृपया असा मजकूर पुन्हा पाठवू नये.'

मी पुन्हा अर्ज उघडला. ओळ न् ओळ वाचली. शब्द नव्हता म्हणजे नव्हता. मग माझी नजर सगळ्यात वर गेली, जिथे पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. वर्मविभा.

त्या उत्तराखाली नाव कुणी बदललं नव्हतं. 'चौकशीसाठी संपर्क: डॉ. विभावरी टिपणीस.' तेव्हा कुणाला काही चौकशी करायची असेल तर जरूर करा. मी दिवसभर घरीच असते.